गप्प म्हणजे मोकळा रस्ता

सिग्नल लाल होता आणि बाबांनी गाडी थांबवली नाही. मुद्दाम तोडला असंही नाही. तिथे सिग्नल उभाच नसावा अशा थाटात ते गुणगुणत पुढे गेले, आणि बाजूने येणाऱ्या स्कूटरवाल्याने जीव खाऊन ब्रेक दाबला म्हणून मागच्या दारावर नुसता ओरखडा उठला. मागचं दार म्हणजे माझं. मी नेहमीसारखी मागे बसले होते. पुढच्या सीटवर बाबांची उशी, थर्मास आणि ब्रेडचा पुडा बसला होता. स्कूटरवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाबांनी काच खाली केली आणि त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या बरंच पलीकडच्या विजेच्या खांबाकडे बघत म्हणाले, "जरा बघून चालवत जा रे." मग निघाले. मी काय म्हणाले? काहीही नाही. ब्रेडचा पुडा खाली पडला होता तो उचलून पुन्हा सीटवर ठेवला. पुढच्या चौकात बाबा म्हणाले, "आजकाल कुणाला गाडी चालवायची शिस्त राहिली नाही," आणि मी त्यावरही गप्प राहिले. घरी आल्यावर त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. बाबांचा नव्हे, माझाच राग आला मला. पन्नाशी उलटलेली बाई मी. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, आणि या माणसाला "बाबा, तुम्हाला दिसत नाही" एवढं वाक्य सांगायला माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आणि गंमत अशी, की बोलण्याचाच पगार घेते मी. लिफ्टच्या कंपनीत तक्रारीच्या खोलीत बसते. खोलीला एक खिडकी, ती समोरच्या भिंतीवर उघडते. टेबलावर टेलिफोन, भिंतीवर शहराचा नकाशा, कोपऱ्यात मेकॅनिक लोकांनी टाकलेले ग्रीसचे हातमोजे. फोन वाजला की पलीकडे कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असतं. मी म्हणते, घाबरू नका. दार ओढू नका. आत हवा भरपूर असते. मेकॅनिक निघालेला आहे. खाली बसून घ्या. तो निघालेला असो वा चहा पीत असो, माझा आवाज तोच. रडणाऱ्या बायका शांत होतात, आरडाओरडा करणारे साहेबलोक शाळेतल्या पोरांसारखे "हो मॅडम" म्हणतात. फोरमन चेष्टा करतो, "बाई, एखाद दिवशी लोक लिफ्टमध्येच झोपी जातील तुमच्या आवाजाने. बाहेर काढायला गेलो तर आम्हालाच शिव्या घालतील." असा हा आवाज संध्याकाळी घराच्या उंबरठ्याशी चपलांबरोबर काढून ठेवल्यासारखा होतो. आत गेलं की फक्त बाबांचा आवाज. बातम्यांवर बाबा, भाजीवर बाबा, शेजाऱ्यांच्या पार्किंगवर बाबा, आणि या सगळ्यातून वाट काढत शेवटी शर्यत.

ती शर्यत मला इतकी पाठ आहे, की बाबा मध्ये ठसकले तर मी पुढचं वाक्य पुरवू शकते. देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, मधलं वाळवंट, मधले डोंगर, मधली खेडी. साध्या घरगुती गाड्या, छपरावर दोरीने बांधलेले टायर, दारावर रंगाने काढलेले आकडे. तशी शर्यत आधी कधी झाली नव्हती आणि नंतर कुणी होऊ दिली नाही. गावोगावी लोक गच्च्यांवर चढले होते. बाबांचं टायरचं दुकान होतं आणि एक हिरवी गाडी होती, तिला ते हिरवी म्हणत, अजूनही म्हणतात. चालवायला बाबा, शेजारी वाट सांगायला मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाबा दुसरे आले. पहिले का नाही आले, तर एका रेल्वे फाटकामुळे; आणि ते फाटक त्या दिवसापासून आमच्या घरात उभं आहे. जेवताना ते पडतं, मालगाडी जाते, डबे संपता संपत नाहीत. लहानपणी मी आणि भाऊ ताटात मान खाली घालून ते डबे मोजत असू आणि भावाला हसू फुटलं की आई टेबलाखालून पाय मारायची.

पण बाबांच्या गोष्टीतलं खरं सोनं म्हणजे फाटक नव्हे. ते म्हणजे त्यांची आणि मामाची बोली. शर्यतीत प्रत्येक वेळी तोंड चालवायला वेळ कुठला? म्हणून ठरलं होतं, की पुढे काही असेल तरच मामाने बोलायचं. वळण, खड्डा, जनावर, पूल. काही नसेल तर गप्प. "गप्प म्हणजे मोकळा रस्ता!" बाबा टेबलावर मूठ आपटून सांगतात. "तो गप्प झाला की मी दाबलाच पाय. एकदाही वळून विचारलं नाही. विश्वास म्हणतात याला." ऐकणारे माना डोलावतात. आता यात चुकीचं काय आहे? काही नाही. शर्यत संपल्यावर ही बोली हिरवीतच ठेवून खाली उतरायला हवं होतं, एवढंच. बाबा ती घरात घेऊन आले. आई गप्प बसली, म्हणजे तिला चालतंय. दुकान विकायचं, घर बदलायचं, भावाला होस्टेलला पाठवायचं. बाबा मोठ्याने सांगायचे, क्षणभर थांबायचे, कुणी काही बोललं नाही की पाय दाबायचे. तो क्षणभर किती छोटा असायचा! त्यात माणसाने घसा साफ करायचा, की शब्द जुळवायचे, की हिंमत गोळा करायची?

सुट्टीत आम्ही घाटातून जायचो तेव्हाचं मला आठवतं. पुढची सीट रिकामी. मामा पुन्हा कधी बाबांच्या गाडीत बसला नाही, आमच्याकडे यायचा तो बसने. पण जागा त्याची. "वाट माहीत असणाऱ्याची जागा आहे ती," बाबा म्हणायचे, आणि तिथे उशी आणि थर्मास ठेवायचे. आई मागे, आमच्या दोघांच्या मध्ये. तिला गाडी लागायची. पहिल्या वळणाला ती डोळे मिटायची, तिसऱ्याला पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढायची आणि आवाज न करता, खरंच कसलाही आवाज न करता, तिच्यात ओकायची. पिशवीला गाठ मारून पायाशी ठेवायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. म्हणजे, काही नाही, बस. आंबट वास, पेट्रोलचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास. घाट उतरल्यावर बाबा आरशात बघून म्हणायचे, "काय, कळली का कुणाला वळणं? लोण्यासारखी चालवली की नाही?" मला आरडाओरडा करावासा वाटायचा. आईने माझ्या मांडीवर हात ठेवलेला असायचा. तो हात थंड, घामेजलेला, आणि चांगलाच जड होता.

शर्यतीच्या वेळचीही एक आठवण आहे, ती बाबांच्या गोष्टीत नाही. गाड्या आमच्या शहराबाहेरच्या हमरस्त्याने जाणार होत्या. आईने मला फ्रॉक इस्त्री करून घातला, भावाला कडेवर घेतलं आणि आम्ही उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. सकाळ गेली, दुपार झाली. गाड्या एकेक करून यायच्या, लोक ओरडायचे. मग हिरवी आली. आईने हात वर केला. हिरवी गेली. धुरळा बसला तरी आईचा हात वरच होता. मग तो खाली घेत ती म्हणाली, "बघितलं त्यांनी आपल्याला." त्यांनी बघितलं नव्हतं. मामाने बघितलं होतं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, पांढरा फटक, तोंड अर्धवट उघडं. पुष्कळ वर्षांनी, आई गेल्यानंतर, मी मामाला त्या बोलीबद्दल विचारलं. त्याने चहाचा घोट घेतला आणि हसला. "गप्प म्हणजे मोकळा रस्ता, ते होय? अगं, बोबडी वळलेली असायची माझी. वळण दिसायचं, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तुझा बाप नशिबाने वाचला आणि त्याच्यासोबत मी." मी म्हटलं, मग त्यांना सांगितलं का नाहीस कधी? मामा म्हणाला, "तू सांगितलंस का कधी काही?" गेल्या वर्षी मामाही गेला. म्हणजे सांगणाऱ्यांत आता मीच उरले, आणि माझी ही अशी तऱ्हा.

तर त्या शर्यतीची आठवण म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढायचं कुणाच्या तरी डोक्यात आलं. संयोजक घरी आला. पांढरे स्वच्छ बूट, हातात फाईल, वाक्यागणिक "सर." सगळ्यात पुढे हिरवी, हिरवीत बाबा, शहरातून निघायचं, घाट चढायचा आणि पलीकडे उतरून समारंभ. मी चहा देऊन ट्रेसकट दारात उभी होते. बाबांनी कपाची बशी घेतली, तिची कड आधी बोटाने चाचपली, मग कप ठेवला. अलीकडे ते असंच करतात. पेपर हातात धरतात पण बातम्या मला वाचायला लावतात. टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतात आणि तोंड भलतीकडे करून ऐकतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं की "डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत माझे." संयोजकाने विचारलं, "सर, शेजारी कोण बसणार?" बाबा म्हणाले, "ही बसेल. मामाची जागा भाचीने घ्यायची." आणि थांबले. तोच तो क्षणभर. माझ्या हातात रिकामा ट्रे होता. माझ्या डोक्यात एकाच वेळी इतकं काही आलं, की त्यातलं नेमकं कुठलं आधी बाहेर काढावं ते ठरेना. "बघा," बाबा संयोजकाला म्हणाले, "तिची काही हरकत नाही." दुसऱ्या आठवड्यात चौकाचौकात फलक लागले. त्यावर बाबा, हिरवी आणि माझा कुठल्याशा लग्नातला फोटो. फोरमनने ऑफिसात पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं.

भावाला फोन केला. तो परदेशात असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. मी स्कूटरवाल्याचं सांगितलं, बशीचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते."

"माझं? कधी ऐकलंय?"

"निदान तू समोर आहेस. मी फोनवर काय सांगणार? भडकतील."

"मी समोर आहे म्हणून माझ्यावर नाही भडकणार?"

"तसं नाही गं. तुला बोलता येतं. तुझं कामच आहे ते."

मी फोन ठेवला. मग चोरवाटेने प्रयत्न केला, संयोजकाला गाठलं. म्हटलं, वडिलांना नीट दिसत नाही. तो मोकळेपणाने हसला. "मॅडम, या वयात कुणाला दिसतं? आपण काही शर्यत लावत नाही आहोत. मिरवणूकच समजा. सरांकडे लायसन्स आहे ना?" लायसन्स होतंच, एजंटने घरपोच आणून दिलं होतं, डोळे तपासायला कुणी आलं नव्हतं. त्याने मला धीर दिला. घाबरू नका, म्हणाला. हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी रोज ठरवू लागले. सकाळी, चहाच्या वेळी. नको, सकाळी चिडले तर दिवस खराब. संध्याकाळी, बातम्या झाल्यावर. बातम्या झाल्यावर गॅरेजवाला यायचा, हिरवीचं काय काय बदललं ते सांगायचा, आणि बाबांचा चेहरा असा उजळायचा की आईच्या आजारपणापासून मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी नवी टोपी आणली. आरशासमोर घालून बघितली, आरशाच्या अगदी जवळ, नाक टेकेल इतकं जवळ जाऊन. मला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाही संताप येत होता. या माणसाला आज सांगितलं नाही तर तो घाटात कुणाला तरी मारेल, मला मारेल, स्वतः मरेल. आणि सांगितलं तर ही टोपी डोक्यावरून काढावी लागेल. मरणापेक्षा टोपीचं भय मोठं कसं असू शकतं, हे मला कुणी समजावून सांगावं. आमच्या घरात तसं ते होतं खरं.

फेरीच्या दिवशी सकाळी गाड्या ओळीने उभ्या होत्या. बँड वाजत होता, पेट्रोलचा धूर, पोरं बापांच्या खांद्यांवर. मी ठरवलं, आता गाडीत बसायच्या आधी. बाबा हिरवीचं दार धरून उभे होते. "बाबा," मी म्हटलं. "काय?" ते म्हणाले. बँडवाल्यांनी नेमका तेव्हाच जोर केला. मी दार उघडलं आणि आत बसले. पुढच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा. रेक्झिन नवं होतं, खालची स्प्रिंग जुनी. ती टोचत होती. समोर एवढी मोठी काच आणि काचेत सगळाच्या सगळा रस्ता. मागच्या सीटवरून मला आयुष्यभर बाबांची मान, त्यांची कॉलर आणि रस्त्याची एक फट दिसत आली होती. झेंडा पडला. संयोजक ओरडला, "लेजंड!" पुढची पोलिसांची गाडी दिव्यांचा लखलखाट करत निघाली आणि बाबा तिच्या भोंग्यामागे निघाले. भोंग्याच्या मागेच. तो वळला की वळायचे, तो मंदावला की मंदावायचे. इतकं अचूक, की क्षणभर मलाच वाटलं, दिसतंय यांना, आपणच उगाच बाऊ केला. लोक हात हलवत होते. बाबा त्यांच्या आवाजाकडे तोंड करून हात हलवत होते.

शहर संपलं तिथे पोलिसांची गाडी बाजूला झाली आणि तिचा भोंगा बंद पडला. पुढे चढ, आणि पहिलं वळण. बाबांनी मान किंचित पुढे काढली. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडलेली मला दिसली. ते वाट बघत होते. कशाची, ते माझ्या लगेच लक्षात आलं नाही. आणि वाट बघून झाल्यावर त्यांचा पाय दाबला जाताना इंजिन गुरगुरलं. रस्त्याच्या मधोमध एक माणूस होता. डोक्यावर खुर्ची उपडी घेतलेला, उन्हातून पलीकडच्या सावलीत बसायला निघालेला, सावकाश. खुर्चीमुळे त्याला आम्ही दिसत नव्हतो. आम्हाला तो दिसत होता. मला दिसत होता.

"थांबा," मी म्हटलं.

ओरडले नाही. माझा रोजचा, टेलिफोनवरचा आवाज होता तो. आणि बाबा थांबले. का, कशाला, कोण, काही विचारलं नाही. शब्द पुरा व्हायच्या आत पाय ब्रेकवर गेला होता. हिरवी जागच्या जागी उभी राहिली, लोण्यासारखी. त्या सीटवरून आलेला शब्द त्यांनी असा घेतला, की जणू तो त्यांच्याच डोक्यात उमटला असावा. खुर्चीवाला बॉनेटपासून हातभर अंतरावर होता. त्याने खुर्ची खाली घेतली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अहो, दिसत नाही का?"

मागून हॉर्न वाजायला लागले.

मला हसू येत होतं की रडू, सांगता येत नाही. बहुतेक मला कुणाला तरी मारायचं होतं. एक शब्द? इतकी वर्षं, आईच्या त्या पिशव्या, टेबलाखालचे पाय, घरात जिरवलेली सगळी वाक्यं, आणि हवा होता तो एक शब्द? जागा बदलून? "बाबा," मी म्हटलं, "तो माणूस तुम्हाला दिसला नाही."

"नाही," ते म्हणाले.

"किती दिवस झाले?"

"बरेच." त्यांनी टोपी नीट केली. "सकाळी जरा बरं असतं. आज सकाळीही नव्हतं."

"मग सांगायचं नाही का? मेलो असतो ना आपण! तो मेला असता!"

"तू बसलीस ना शेजारी," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुला माहीत आहे म्हणूनच बसलीस."

मला माहीत होतंच. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "उतरा," मी म्हटलं. "मी चालवते."

"तुला येते?"

"येते. ऑफिसच्या पैशाने शिकले, वीस वर्षं झाली. सांगायचं राहिलं."

त्यांना राग येईल याची मी वाट बघितली. ते दार उघडून उतरले. मी सरकून त्यांच्या जागी बसले. ती सीट गरम होती आणि माझे पाय पॅडलपर्यंत जेमतेम पोचत होते. बाबा पुढून वळसा घालून येत होते. दारावरून हात सरकवत ते दिव्यापर्यंत आले, तिथून बॉनेटवर. शहरभर मिरवून आलेली जुनी गाडी. बॉनेट तव्यासारखं तापलं असणार. त्यांनी तळवा पूर्ण टेकवला होता आणि तो उचलत नव्हते. उचलला असता तर पुढे कुठे जायचं ते कळलं नसतं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, म्हातारा आपल्या गाडीला कुरवाळतोय. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या, खुर्चीवाल्यानेही. बाबांनी आवाजाच्या दिशेने दुसरा हात वर केला. मी त्यांच्या बाजूच्या खिडकीकडे वाकून डोकं बाहेर काढलं.

"या बाबा," मी म्हटलं, "अजून थोडं पुढे. कडेला दगड आहे, पाय उचला. हं. आता हात खाली घ्या, दार तिथेच आहे."